नऊ ते बाराचं पाणी

माझं काम खाने पाडायचं होतं.

ओजस, अन्वी, तुमच्या शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पात 'आजी काय काम करायची' असा प्रश्न होता आणि तुमच्या आईने घाईघाईत 'कॉम्प्युटर' एवढंच सांगितलं, हे मला परवा फोनवर कळलं. सुताराचा धंदा विचारल्यावर 'लाकूड' म्हणावं, तसं झालं हे. या अंकाच्या संपादकांचाही कामाच्या आठवणी लिहा म्हणून कधीचा तगादा आहे. तेव्हा लिहिते त्यांच्यासाठी, पण वाचायचं तुम्ही.

बारामतीत भिगवण रस्त्यावर औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. पाच माणसं, चार कॉम्प्युटर आणि एक इन्व्हर्टर. तुमचे आजोबा वालचंदनगरला नोकरीला होते, आम्ही तिथेच क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी रोज एसटीने बारामतीला जाऊन यायची. पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, गणित घेऊन बी.एस्सी. झालेली मी सणसरजवळच्या शेतकरी घरात सून म्हणून आले. कॉम्प्युटर मात्र चाळिशी ओलांडल्यावर शिकले. ऑफिसात मी सगळ्यांत वयाने मोठी होते आणि आमचा मालक शेखर माझ्या थोरल्या भाच्यापेक्षा लहान. तो मला मॅडम म्हणायचा आणि मी चुकले की जरा जास्तच आदराने मॅडम म्हणायचा.

आता खाने म्हणजे काय ते सांगते. तुम्ही मोबाइलवर एखादं वेळापत्रक उघडता, तेव्हा ते कुठेतरी तयार लिहून ठेवलेलं असतं असं नाही. तुम्ही मागितलं की लांबच्या एका मशिनवर, ज्याला सर्व्हर म्हणतात, प्रोग्रॅम कामाला लागतो. माहितीच्या साठ्यातून हवं ते काढतो, तक्ता आखतो आणि तुमच्याकडे धाडतो. हे आखणं आम्ही त्याला एकेक पायरी सांगून करून घ्यायचो. तक्ता कर. ओळ कर. खाना कर. खान्यात नाव घाल. खाना ओळीत बसव. ओळ तक्त्यात बसव. पुन्हा नवी ओळ. पन्नास ओळी असोत की पाच हजार, सूचना एकदाच लिहायच्या, प्रोग्रॅम त्या फिरवून फिरवून वापरतो.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. खान्याला स्वतःची जागा माहीत नसते. आपल्यावरचं शीर्षक 'नऊ ते बारा' आहे की 'बारा ते तीन', हे त्याला ठाऊक नाही. ओळीतला पहिला खाना पहिल्या शीर्षकाखाली जातो, दुसरा दुसऱ्याखाली. त्याच्या डावीकडे किती खाने बसलेत, यावरच त्याची जागा ठरते. हे मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असणं आणि वेळेला आठवणं यांत किती अंतर असतं, तेच सांगायला बसले आहे.

माझ्या सासरच्या गावच्या पाणी वापर संस्थेने एका उन्हाळ्यात शेजपाळी कॉम्प्युटरवर करायचं ठरवलं. कालव्याला पाणी सुटलं की ते कुणाच्या शेतात किती वाजता जाणार याचं पत्रक म्हणजे शेजपाळी. कालव्यातून पाणी चाऱ्यांमध्ये येतं आणि चारीतून शेतात. आमच्या संस्थेच्या पाच चाऱ्या, सोमवार ते शुक्रवार रोज एक. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पाणी आमचं, मग ते पलीकडच्या संस्थेला जाई. बारा तासांचे तीन-तीन तासांचे चार भाग. म्हणजे पाच ओळी, चार रकाने आणि डावीकडे 'चारी' हा शब्द नि तिचा क्रमांक. इतका छोटा तक्ता मी आयुष्यात दुसरा केला नाही. आणि इतकं कशाने मला छळलंही नाही.

पहिल्यांदा असं झालं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'चारी' हा शब्द हवा होता. शब्द एकच, तर खानाही एकच करावा, उगीच पाच कशाला, असं मला काटकसरीचं वाटलं. मी एक खाना केला आणि पाचही ओळींत बसवला. पान उघडलं तर 'चारी' फक्त शुक्रवारच्या ओळीत. वरच्या चार ओळी सगळ्या एक घर डावीकडे सरकलेल्या.

"मॅडम, वरच्या चार चाऱ्या कोरड्या पडल्या," शेखर म्हणाला.

दोन दिवस मी त्याकडे बघत बसले. प्रोग्रॅम कुठेच अडत नव्हता, चूक दाखवत नव्हता. मग कळलं की खाना ही वस्तू आहे. पंगतीत एकाच माणसाला पाच पानांवर बसवता येत नाही, दुसऱ्या पानावर बसवला की तो पहिल्यावरून उठतो. माझा खाना बिचारा ओळीओळीतून उठत शेवटच्या ओळीत जाऊन बसला होता. पाच वेगळे खाने केले आणि ते निस्तरलं.

मग दुसरी कटकट. ज्या चाऱ्यांवर शेतकरी कमी, त्यांच्या ओळींत शेवटचे खाने रिकामे राहत. त्या काळी रिकाम्या खान्याची चौकट कॉम्प्युटर काढायचाच नाही. आखलेल्या तक्त्यात मध्येच दात पडल्यासारखं दिसायचं. मला अव्यवस्थितपणा लहानपणापासून सोसत नाही, तुमच्या आईला विचारा. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली: नाव नसेल तर खाना करूच नको. पान स्वच्छ दिसायला लागलं. मी खूश झाले. शेखरही म्हणाला, "आता कसं छान वाटतंय!"

पत्रक छापून संस्थेच्या फळ्यावर लागलं. माहिती मी स्वतः भरली होती, गेनूतात्यांच्या हातच्या जुन्या पत्रकावरून. गेनूतात्या हे आमचे पाटकरी, चाऱ्यांची दारं उघडणारे-लावणारे आणि तीस-एक वर्षं शेजपाळी हाताने लिहिणारे. नेमकं त्या आठवड्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते घरी होते आणि त्यांच्या जागी गेटवर दुसराच माणूस होता, माझं पत्रक हातात घेऊन.

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडतंय तोच जिन्यात एक बाई बसलेली दिसली. हौसाबाई. आमचं शेत ज्या चारीवर, तिच्या अगदी शेवटाला तिचं रान. नवरा गेल्यापासून एकटीच वांगी-मिरची करायची आणि सणसरच्या बाजाराला न्यायची. हातात माझ्याच पत्रकाची घडी.

"वहिनी, हितं माझं नाव सा ते नऊला हाय ना?"

"आहे की."

"मी सा वाजता रानात हुते. नऊपातुर चारीत टिपूस न्हाय. नऊला पाणी आलं, तर वरच्या किसनरावानं दार आपल्याकडं वळवलं. म्हनला, कागद बघ, आता माझी पाळी."

"मग तुम्हाला पाणी मिळालंच नाही?"

"कागदावर मिळालं. वाफ्यात न्हाय."

तिने वांग्याचे सोळा वाफे लावले होते, रोपं लावून तीन आठवडे झाले होते. विहीर तळाला गेलेली. पुढचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सुटायची पुढची खेप, महिन्याने. हे आवर्तन शुक्रवारी संपत होतं. एवढं सांगून ती म्हणाली, "शुक्रवारपातुर कायतरी करा. न्हायतर शनवारी उपटून टाकायची, एवढंच राहतंय." ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी लगेच साठा उघडला. त्यात हौसाबाईची पाळी नऊ ते बारा होती. फळ्यावरच्या पानावर सहा ते नऊ. साठा बरोबर, पान चूक. पण त्याच पानावर बाकीच्या चारही चाऱ्या बरोबर होत्या! प्रोग्रॅम एकच, सूचना त्याच, मग एकच ओळ कशी बिघडेल? मी सूचना पुन्हा पुन्हा वाचल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पान उघडलं. चारीचा क्रमांक बदलून पाहिला, ओळ वरची खाली केली. ती जिथे जाईल तिथे चुकीचीच निघायची. बुधवारी संध्याकाळपर्यंत माझं डोकं इतकं भंजाळलं की साठाच चुकला असेल आणि पानच बरोबर असेल, असंही वाटायला लागलं. आणि हौसाबाईला सहालाच पाणी द्यायचं असेल, तर मग ते आलं का नाही? विचार जिथून सुरू करावा तिथेच परत यायचा.

तुम्हाला एव्हाना उत्तर कळलं असेल. मला कळलं नव्हतं. माझ्या मनात ती 'नाव नसेल तर' वाली ओळ चूक म्हणून नव्हतीच, ती माझी सुधारणा होती. आपण नीटनेटकं केलेल्या जागी माणूस चूक शोधत नाही.

गुरुवारी रजा टाकून मी गेनूतात्यांकडे गेले. ते ओसरीवर डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बसले होते. "तात्या, तुमचं पत्रक आणलंय," मी म्हटलं.

"मला काय दिसतंय? तूच वाच. आपली चारी वाच."

मी वाचलं. "हौसाबाई. किसनराव. आमचे आबा."

"पयल्यापासनं वाच."

"पहिल्यापासूनच वाचतेय तात्या. हौसाबाई, किसनराव..."

"अगं, पयला खाना!"

"तो रिकामा आहे."

"रिकामा कुठं हाय? त्यात पाणी चालतंय की!"

मी कागदाकडे पाहिलं. पहिल्या खान्यात एक तिरकी रेघ होती. मी ती माहिती भरताना पाहिली होती आणि कुणीतरी पाण्याचा अर्ज केला नसेल, असं समजून सोडून दिली होती. आता वाचतानाही मी ती सोडून पुढे गेले होते, अगदी माझ्या प्रोग्रॅमसारखी.

तात्यांनी समजावून सांगितलं. बाकीच्या चाऱ्या आखूड, गेट उघडलं की पाणी पोचलंच. आमची सर्वांत लांब. सहाला सोडलेलं पाणी शेवटाला जायला नऊ वाजतात. पाळी शेवटाकडून सुरू करायची रीत, म्हणून ते तीन तास कुणाच्याच नावावर नाहीत. त्या वेळात वाटेतल्या कुणी दाराला हात लावायचा नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक, की मला सांगावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या रानात सून होऊन मला पंचवीस वर्षं झाली होती.

"मग हौसाबाई सहाला जाऊन का उभी राहिली?" मी विचारलं. "तिला तर ठाऊक होतं!"

"छापलेलं व्हतं ना. तिला वाटलं, औंदा गेट आदी उघडणार असतील."

म्हणजे असं झालं होतं. सुरुवातीचे किंवा मधले रिकामे खाने दुसऱ्या कुठल्याच ओळीत नव्हते, फक्त शेवटचे होते. शेवटचा खाना गाळला तर काही हलत नाही. आमच्या ओळीत पहिलाच गाळला गेला आणि सगळी नावं एक घर डावीकडे सरकली. हौसाबाई सहाला, किसनराव नऊला, आमचे आबा बाराला. आणि तीन ते सहा कुणीच नाही. मग त्या तीन तासांचं पाणी कुठे गेलं?

तिथून आमच्या गावातल्या घरी आले. आबा, म्हणजे माझे थोरले दीर, उसातून नुकतेच आले होते. मी विचारलं. ते सहज म्हणाले, "आपल्याच उसात. फुडं कुणाचं नाव नव्हतं. मी म्हटलं, तुझा कॉम्प्युटर घरच्यांवर खूश दिसतोय."

मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय उसातलं पाणी पिळून देऊ का तिला?"

त्या क्षणी मला खरोखर कळेना की मी कुणाची कोण. गावाला काय दिसेल? मी पत्रक केलं आणि पाणी माझ्या घरात आलं.

शुक्रवारची चारी आखूड होती, तिथे दुपारी बारानंतर कुणाचं नाव नव्हतं. ते पाणी लवकर पलीकडे सोडत असत. ते आमच्या चारीला वळवलं, तर बाराला निघून तीनला हौसाबाईकडे पोचलं असतं आणि तिला तीन ते सहा मिळाले असते. पण परवानगी चेअरमनची हवी. चेअरमन उत्तमराव संस्थेत एकटेच बसले होते.

"वहिनी, कागदावर तिचं पाणी झालंय. आता परत दिलं तर उद्या धा जण येतील, आमचंबी आलं न्हाय म्हणून. त्यांना काय सांगू?"

"चूक कागदाची आहे असं सांगा."

"कागद कुणाचा?"

"माझा."

"मग तसं लिहून द्या. फळ्यावर लावतो. मग सोडतो पाणी."

मी शेखरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, 'तांत्रिक अडचणीमुळे' असं लिहा ना. सगळेच लिहितात. आपल्याकडे अजून तीन संस्थांचं काम यायचंय." त्याचंही खोटं नव्हतं. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. तांत्रिक अडचण म्हटलं तर ती कुणाचीच नसते, आणि कुणाचीच नसलेली चूक ऐकून उत्तमरावांनी पाणी सोडलं नसतं. मी लिहिलं, 'पत्रक तयार करताना माझ्याकडून पहिला खाना गाळला गेला. हौसाबाईंना पाणी मिळालेलं नाही. जास्तीचं पाणी आमच्या शेतात गेलं आहे.' खाली सही केली.

शुक्रवारी बाराला गेट उघडलं आणि मी पाण्याबरोबर चालत निघाले. तसं करायचं काही कारण नव्हतं, पण ते तीन तास पाहिल्याशिवाय मला चैन पडत नव्हतं. मला वाटलं होतं पाणी वाहतं. कोरड्या चारीत पाणी वाहत नाही, ते रांगतं. पुढे फेसाचा, पाचटाचा एक मळका पट्टा, तो भेगेपाशी थांबतो, भेग पिते, मग हातभर पुढे. खेकड्याच्या बिळात शिरतं आणि आपण वाट बघत उभं राहायचं. ऊन मी म्हणत होतं. वाटेत दोघा-तिघांनी फळ्यावरचं वाचलं होतं. एक जण बांधावरून ओरडला, "काय वहिनी, पाण्याला सोबत का?" मी हसले. दुसरं काय करणार.

आमच्या दारापाशी आले तर आबा दारावर मातीचा ढीग लोटून त्यावरच बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून.

"आबा, उन्हात काय बसलाय?"

"माझ्यावर माझाच इस्वास न्हाय. ऊस बघितला की हात जातोय दाराला. चल फुडं."

किसनरावही आपल्या दारापाशी उभे होते, पण त्यांनी दाराला हात लावला नाही.

चार दिवस कोरडी राहिलेली चारी तात्यांच्या हिशेबापेक्षा जास्त पाणी प्यायली. शेवटाला पोचायला पावणेचार वाजले. हौसाबाई फावडं घेऊन उभीच होती. तिने पाणी आत घेतलं आणि ती एकेक वाफा भिजवत गेली. बरोबर सहाला गेट बंद झालं. चारीतलं उरलंसुरलं आलं, तेही तिने फावड्याने ओढून घेतलं. बारा वाफे भिजले. चार राहिले.

मी म्हटलं, "हौसाबाई, चार गेले."

"व्हय," ती म्हणाली. "गेले." आणि फावडं धुवायला लागली.

मी सोमवारी प्रोग्रॅममधली ती एक ओळ काढून टाकली. काम दोन मिनिटांचं. शेखर आठवडाभर मला फारच आदराने मॅडम म्हणत होता. उरलेल्या तीन संस्थांपैकी दोन आल्या, एक आली नाही. न येण्याचं कारण ते पत्र की आणखी काही, आम्हाला कधी कळलं नाही.

पुढच्या आवर्तनाला पत्रक बरोबर निघालं. मी चार वेळा तपासलं, गेनूतात्यांना पट्टी सुटल्यावर दाखवलं. आमच्या चारीच्या दिवशी सकाळी आठला क्वार्टरमधला फोन वाजला. हौसाबाई शेजारच्यांच्या फोनवरून बोलत होती.

"वहिनी, पाणी निघालं का?"

"पत्रकात नऊ ते बारा आहे हौसाबाई. या वेळी नक्की बरोबर आहे."

"पत्रक ऱ्हाऊ द्या. पाणी निघालं का?"

मला वालचंदनगरला बसून काय कळणार? मी गेनूतात्यांना फोन केला, त्यांनी सांगितलं निघालंय, मी तिला उलट फोन केला. दुसऱ्या आवर्तनाला पुन्हा तसंच. मग मीच आदल्या दिवशी तात्यांना सांगून ठेवायला लागले. तात्या गेले, उत्तमराव गेले, मी निवृत्त झाले, शेखरने ऑफिस पुण्याला नेलं. पत्रक आता सगळ्यांच्या मोबाइलवर येतं आणि ते करणाऱ्या मुलांना मी ओळखतही नाही. गेटवरचा माणूस हौसाबाईच्या रानापासून हाकेच्या अंतरावर राहतो. तरी परवाच्या आवर्तनाला सकाळी आठला माझा फोन वाजला.

ती माझ्यावर विश्वास ठेवते म्हणून फोन करते, की त्या चार वाफ्यांसाठी अजून माझी हजेरी घेते, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. एकदा विचारायचं मनात होतं. पण तिने "पाणी निघालं का?" म्हटलं आणि मी गेटवाल्याचा नंबर शोधायला लागले.